फॉरमॅट मारण्याआधी: अचानक स्लो झालेल्या कॉम्प्युटरचं दुखणं कसं शोधायचं

कॉम्प्युटर पाच-सहा वर्षांत हळूहळू जड होत जाणं वेगळं, आणि परवापर्यंत नीट चालणाऱ्या मशीनला आज एक फोल्डर उघडायला अर्धा मिनिट लागणं वेगळं. पहिल्या प्रकाराला दहा कारणं असतात. दुसऱ्याला बहुतेक वेळा एकच असतं, आणि शोधलं तर ते सापडतं. तरीही सगळ्यांच्या तोंडी पहिला सल्ला असतो ‘फॉरमॅट मार’, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाक. हार्ड डिस्क मरणाला टेकली असेल तर फॉरमॅटमध्ये डेटा जातो आणि चार दिवसांत त्रास परत सुरू होतो. पंखा धुळीने अडला असेल तर फॉरमॅटने काहीच बदलत नाही. म्हणून आधी नेमकं कुठे अडतंय ते मोजा. पुढची माहिती विंडोज १० आणि ११ साठी आहे.

सुरुवात रीस्टार्टने करा. ‘मी रोज रात्री बंद करतो की’ हे उत्तर इथे पुरत नाही. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप चालू असेल, आणि ते सहसा असतंच, तर शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. अडकलेला ड्रायव्हर (एखादं उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) तसाच अडकलेला राहतो. ‘रीस्टार्ट’ निवडलं की मात्र सगळं नव्याने सुरू होतं. दुसरी गोष्ट, नेट बंद करून कॅल्क्युलेटर, नोटपॅड, एखादं फोल्डर उघडून बघा. ते पटकन उघडत असतील तर मशीन ठीक आहे, दोष वायफायचा किंवा ब्राउझरचा आहे.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये जा आणि मशीन ज्या क्षणी लटकतंय त्याच क्षणी सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क या तिघांकडे बघा. मशीन किती वेळ चालू आहे ते सांगणारा ‘अप टाइम’ही तिथेच दिसतो. आत्ताच रीस्टार्ट केलं असूनही तो १५ दिवस दाखवत असेल तर तुम्ही प्रत्यक्षात शटडाउन केलं होतं, रीस्टार्ट नव्हे. या तिघांपैकी जो आकडा टोकाला गेला असेल, तिथून पुढची वाट ठरते.

डिस्क १०० टक्क्यांवर

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या मशीनवर हे सगळ्यात जास्त दिसतं. इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकसारख्या दिसतात. डिस्क खरोखर भरपूर काम करत असेल, तर १०० टक्क्यांबरोबर खालचा रीड-राइटचा वेगही बऱ्यापैकी दिसतो. कोण काम करवून घेतंय ते ‘प्रोसेसेस’मध्ये डिस्कच्या रकान्यावर क्लिक केलं की वर येतं. ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ म्हणजे अपडेट बसतंय, ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्यूटेबल’ म्हणजे विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर तपासणी करतोय. मोठ्या अपडेटनंतर हे दोघं आणि फाइलींची सूची बनवणारी सर्च सर्व्हिस एकदम मागे लागतात. ४ जीबी रॅम आणि फिरती डिस्क असेल तर हा गोंधळ तासन्‌तास चालतो. लॅपटॉप चार्जरला लावून एक रात्र चालू ठेवा, झोपू देऊ नका. सकाळी बहुतेक वेळा सगळं शांत झालेलं असतं.

दुसरा प्रकार वाईट. डिस्क १०० टक्के व्यग्र आहे, पण वेग मात्र अर्धा-एक एमबीवर रेंगाळतोय. अशा वेळी ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ वाचा. निरोगी फिरती डिस्क साधारण १० ते २० मिलिसेकंदांत उत्तर देते, एसएसडी (फिरणारा भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) सहसा १ मिलिसेकंदाच्या आसपास. हलक्या कामातही हा आकडा शेकड्यांत किंवा हजारांत जात असेल तर डिस्क एखादा खराब सेक्टर (डेटा साठवायचा छोटा कप्पा) पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय. तेवढा वेळ विंडोज तिच्या तोंडाकडे बघत बसतं, म्हणून माउस हलतो पण काहीच उघडत नाही.

खात्री करायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. निळा रंग ठीक, पिवळा सावध, लाल संपली. फक्त रंगावर विसंबू नका, यादीतल्या चार ओळी बघा. ०५ म्हणजे बदली केलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेले सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. या तिन्हींचा कच्चा आकडा शून्य हवा. सी५ वाढत चालला असेल तर डिस्क बदलायचीच. सी७ वेगळा आहे. तो वाढत असेल तर डिस्क ठीक असून साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) सैल किंवा खराब असू शकते, आणि केबल बदलणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे. यासोबत इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम उघडा. तिथे डिस्कच्या नावाने ७, ५१ किंवा १५३ या आयडीच्या नोंदी रांगेने दिसल्या तर संशय उरत नाही. ४१ क्रमांकाच्या नोंदी म्हणजे मशीन नीट बंद न होता गेलं. लाइट वारंवार जाणाऱ्या गावात यूपीएस नसेल तर याच नोंदी सापडतात.

डिस्क आचके देतेय हे कळलं की दुरुस्तीच्या मागे लागू नका. विंडोजच्या ‘चेक डिस्क’ या साधनाची खोल तपासणी सगळी डिस्क घासून काढते, आणि आजारी डिस्क त्यातच दम तोडू शकते. आधी डेटा बाहेर काढा. सगळं सिलेक्ट करून एकदम ओढू नका, कारण खराब सेक्टर लागला की कॉपी तिथेच अडकते. टॅलीचा डेटा, चालू कामाच्या फाइली, फोटो, असं महत्त्वाच्या क्रमाने एकेक फोल्डर घ्या. जे अडेल ते सोडून पुढे जा. डिस्कमधून खटखट आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा. मग तो डेटा रिकव्हरीवाल्याचा विषय आहे, आणि आपण केलेला प्रत्येक प्रयत्न त्याचं काम अवघड करतो.

नवी डिस्क घेताना एसएसडीच घ्या. दहा वर्षं जुन्या मशीनमध्येही अडीच इंची साटा एसएसडी बसते आणि फरक रोज जाणवतो. आधीच एसएसडी असेल आणि ती अचानक मंदावली असेल, तर सी ड्राइव्हमध्ये किती जागा उरली आहे ते बघा. काठोकाठ भरलेली एसएसडी लिहिताना धापा टाकते, १५ टक्के तरी मोकळी ठेवा. विंडोजची मोठी आवृत्ती बदलल्यावर ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे भलंमोठं फोल्डर उरतं. ते १० दिवसांनी आपोआप जातं, पण घाई असेल तर स्टोरेज सेटिंगमधल्या टेम्पररी फाइल्समधून काढता येतं.

सीपीयू: टक्क्यांबरोबर वेगही बघा

सीपीयूच्या पानावर टक्क्यांखाली ‘स्पीड’ आणि ‘बेस स्पीड’ असे दोन आकडे असतात. बेस २.४ गिगाहर्ट्झ आणि काम चालू असताना स्पीड ०.४ किंवा ०.८ वर खिळलेला, असं दिसलं तर सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका. मशीनने स्वतःच स्वतःला लगाम घातला आहे. लॅपटॉपमध्ये चार्जर काढून बघा. वेग एकदम वर गेला तर दोष चार्जरचा. काही लॅपटॉपच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक पिन असते, तिच्यावरून मशीन चार्जर ओळखतं. पिन वाकली, वायर आतून तुटली किंवा डुप्लिकेट चार्जर लावला की ओळख पटत नाही आणि प्रोसेसर रांगायला लागतो. चार्जर ठीक निघाला तर सेटिंगमधला पॉवर मोड आणि बॅटरी सेव्हर बघा.

सुरुवातीला वेग ठीक आणि दहा मिनिटांनी घसरतो, तर ती उष्णता. कोअर टेम्पसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघा. कामात ७० ते ८५ अंश चालतं. ९५ ते १०० च्या घरात बरेचसे प्रोसेसर वेग पाडतात. विदर्भात मे महिन्यात खोलीच चाळिशी पार करते, तेव्हा हिवाळ्यात जेमतेम भागणारं मशीन तिथे हरतं. डेस्कटॉपवर इंटेलचा मूळ पंखा असेल तर त्याच्या चार प्लॅस्टिक पिना दाबून बघा. त्यातली एक निसटली की पंखा फिरताना दिसतो, पण प्रोसेसरला नीट टेकलेला नसतो. धूळ ब्लोअरने काढताना पाती बोटाने किंवा पेनने धरून ठेवा. मोकळी सोडली तर ती वेड्यासारखी फिरून बेअरिंग खराब होतं. पंखा काढलाच तर प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट (उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मटारच्या लहान दाण्याएवढी नवी लावा. जास्त लावून जास्त गार होत नाही.

‘प्रोसेसेस’मध्ये ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ (उपकरणांकडून प्रोसेसरला येणाऱ्या हाका) सतत ५-१० टक्क्यांवर दिसत असेल तर यूएसबीची उपकरणं एकेक काढत जा. एखादा बिघडलेला हब किंवा माउस सापडतो.

मेमरी

इथे आधी एकूण आकडा वाचा. ८ जीबी असलेलं मशीन आज ४ दाखवत असेल तर एक रॅम हलली आहे किंवा तिच्या संपर्कपट्ट्यांवर थर चढला आहे. पावसाळ्यानंतर हे बरंच होतं. मशीन बंद करा, प्लग काढा, रॅम बाहेर काढून सोनेरी पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबराने पुसा, कण झटका, दोन्ही खटके बसेपर्यंत दाबा. आकडा बरोबर असूनही वापर ९० टक्क्यांवर असेल तर क्रोम उघडून शिफ्ट आणि एस्केप दाबा. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर येतो आणि कोणती टॅब, कोणतं एक्स्टेन्शन खातंय ते दिसतं.

तिन्ही ठीक, तरी स्लो

मग ‘काय बदललं’ हा प्रश्न विचारा. सर्चमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की दिवसवार तक्ता उघडतो. कोणत्या तारखेला कोणतं अपडेट, ड्रायव्हर, सॉफ्टवेअर आलं आणि कधीपासून काय कोसळायला लागलं, सगळं त्यात असतं. हे साधन फार कमी लोक वापरतात, आणि ‘अचानक’च्या दुखण्यावर याच्यासारखं दुसरं नाही. संशयित सापडला की तेवढाच काढा किंवा ड्रायव्हर मागे न्या.

सॉफ्टवेअर की हार्डवेअर हे ठरेना, तर शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट या क्रमाने जा आणि मग ४ ची कळ दाबा. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरत्या ड्रायव्हरवर चालू असताना, मशीन सुरळीत चाललं तर दोष एखाद्या प्रोग्रॅमचा किंवा ड्रायव्हरचा. तिथेही लटकलं तर वरच्या डिस्क आणि उष्णतेच्या पायऱ्यांकडे परत जा.

पंखा घोंघावतोय आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होतो, हे लपलेल्या मायनरचं (तुमच्या मशीनवर गुपचूप क्रिप्टोकरन्सी कमावणाऱ्या प्रोग्रॅमचं) लक्षण असू शकतं. तो बहुधा चोरीच्या सॉफ्टवेअरच्या क्रॅक किंवा ॲक्टिव्हेटरबरोबर आलेला असतो. विंडोज सिक्युरिटीतली ‘एक्सक्लुजन्स’ यादी आधी तपासा. क्रॅक चालवताना एखादं फोल्डर तिथे टाकलं गेलं असेल तर डिफेंडर त्याकडे बघतच नाही. ती नोंद काढा आणि मग ऑफलाइन स्कॅन लावा. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं घेतं.

डीटीपीच्या मशीनवर फक्त कोरलड्रॉ किंवा वर्ड उघडायला वेळ लागत असेल तर फॉन्टचं फोल्डर मोजा. एखाद्या सीडीतले हजारो देवनागरी फॉन्ट एका दमात टाकले की दर वेळी ते सगळे चाळले जातात. रोजचे ठेवा, बाकीचे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून लागतील तेव्हा टाका.

एवढ्यावरही मार्ग निघाला नाही आणि डिस्क निरोगी असेल, तर फॉरमॅट करायला हरकत नाही. सेटिंगमधल्या रिकव्हरीतला ‘रीसेट धिस पीसी’ हा पर्याय सोपा आहे, पण ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी सगळे प्रोग्रॅम जातात आणि वैयक्तिक फोल्डरांबाहेरच्या फाइलींची खात्री नाही. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. टॅली असेल तर आधी लायसन्स सरेंडर करा. विंडोज ११ मध्ये ड्राइव्ह एन्क्रिप्ट (सांकेतिक कुलूप लावून बंद) केलेला असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. ती आधीच कागदावर उतरवून घ्या.