ड्रॉपरने भरायचा शाईपेन थेंब टाकतो तेव्हा

एबोनाइटचा (कडक रबराचा) पेन, स्टीलची निब. भरलेला असताना झकास चालायचा, शाई तिसऱ्या हिश्शावर आली की कागदावर टपकन थेंब. टाकीत हवा वाढली, की हाताच्या उबेने ती फुगते आणि शाई पुढे ढकलते. जीभ, म्हणजे निबेखालची शाई पुरवणारी पट्टी, ती सगळी धरू शकत नाही. त्यात इथे निब आणि जीभ यांच्यामध्ये फट होती. उजेडासमोर धरल्यावर केसाएवढी रेघ स्पष्ट दिसली.

निब-जीभ ओढून काढली, साध्या पाण्याने धुतली, नीट जुळवून परत बसवली. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात फक्त पुढचा भाग वीसेक सेकंद बुडवला, बाहेर काढून अंगठ्याने जीभ निबेवर थंड होईपर्यंत दाबून धरली. दोनदा केल्यावर फट मिटली. एबोनाइटची मान (बोटांनी धरायचा भाग) मात्र गरम पाण्यात जाऊ देऊ नका, रंग उडून ती मातकट होते.

टाकी मानेला जोडणाऱ्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. व्हॅसलिन नको, रबरी वायसर असेल तर तो फुगतो.

आता थेंब नाही. तरी टाकी अर्ध्यावर आली की मी भरून घेतो.