पहाटे निघायचंय? काचेवरच्या वाफेची तयारी आधी करा

डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याचा पारा रात्री दहा अंशांच्या खाली येतो. पहाटे पाचला चार-पाच जण गाडीत कोंबून बसले की गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत समोरची काच पांढरी. आतली हवा २० अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं, आणि त्या वेळी काच असते आठ-नऊ अंशांवर. म्हणजे एकतर काच तापवा, नाहीतर आतला ओलावा कमी करा. हाताने किंवा फडक्याने पुसण्यात अर्थ नाही. पाणी पसरतं, त्यात बोटांचं तेल मिसळतं आणि समोरून ट्रकचा दिवा पडला की काही दिसत नाही.

तयारी आठवडाभर आधी, ओल शोधण्यापासून सुरू करा. पायातल्या मॅट उचला, खालच्या कार्पेटवर वर्तमानपत्राची घडी ठेवून पाय देऊन दाबा. कागद ओला झाला तर पाणी कुठून येतंय ते बघा. ड्रायव्हरशेजारच्या बाजूला ओल असेल तर बहुधा एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असते. एसी चालू असताना गाडीखाली पाणी टपकत नसेल तर शंका पक्की. बॉनेटच्या मागे, वायपरखालच्या जाळीत कडुनिंबाचा पाला साचून राहतो, पावसाळ्यातलं पाणी तिथून आत उतरतं. तो हाताने काढा. आणि काचेवर चिकट थर धरत असेल, गोडसर वास येत असेल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होत असेल, तर हीटरची छोटी जाळी गळतेय. ते काम मेकॅनिकचं, त्यावर घरगुती इलाज नाही. कूलंटची पातळी इंजिन थंड असतानाच बघा, गरम झाकण उघडू नका. कार्पेट ओलं असेल तर दोन दिवस भर दुपारी चारही दारं उघडून गाडी उन्हात ठेवा. आपल्याकडचं ऊन थंडीतही त्याला पुरतं.

ग्लोव्ह बॉक्सच्या मागे एसीचा फिल्टर असतो (काही स्वस्त मॉडेलांत कंपनी तो देतच नाही, फक्त खाच असते). कापसाच्या हंगामातल्या धुळीने तो मातकट झाला की काचेपर्यंत वारा पोचत नाही. दहा हजार किलोमीटरला काढून बघा. झटकून उजळला नाही तर नवा टाका.

आता काच, आणि इथे घाई नको. स्वच्छ काचेवर वाफ उशिरा धरते, मळक्या काचेवर लगेच. आतून काचेवर जो तेलकट थर बसतो तो डॅशबोर्डच्या प्लास्टिकचा, पॉलिशचा, अगरबत्तीचा आणि बिडी-सिगारेटच्या धुराचा. मेडिकलमधून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, १०० मिलीत तेवढंच पाणी मिसळा. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार काचेवर डाग होऊन उरतात, आरओचं चालेल. दारं उघडी ठेवा, जवळ आग नको. मिश्रण काचेवर नाही, मायक्रोफायबर कापडावर शिंपडा, आतून आडवं पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने उभं. दोनदा केल्यावर पहिलं कापड करडं झालेलं दिसेल. मागच्या काचेवर बारीक आडव्या तारा असतील तर तारांच्याच दिशेने पुसा. ब्लेडने स्टिकर खरवडलं की तार तुटते आणि तेवढी पट्टी गरम होणं बंद.

शेव्हिंग फोम लावून पुसण्याची युक्ती खोटी नाही, पाण्याचे थेंब न होता सपाट थर होतो. पण दोन-चार दिवसच टिकते आणि रात्री दिव्यात रेषा दिसतात. बाजूच्या काचांना लावा, ड्रायव्हरसमोर नको. खडे मीठ गाडीत ठेवू नका, ते ओल पिऊन पाणी सोडतं आणि पत्रा गंजवतं. त्यापेक्षा अर्धा किलो सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) सुती पिशवीत घालून डॅशबोर्डवर ठेवा. ते उन्हात नीट सुकत नाही, ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्येच सुकवावं लागतं.

आदल्या संध्याकाळी गाडी धुऊ नका. ओला टॉवेल, ओले बूट डिकीत नकोत. भरीत-पुरीचा गरम डबा असेल तर झाकण घट्ट. उघड्या भांड्यातल्या भरिताची वाफ एका माणसाच्या श्वासाला भारी पडते. बाहेरून दव धरलं असेल तर वायपरचा एक फेरा पुरतो. गरम पाणी ओतलं तर थंड काच तडकू शकते.

निघताना इंजिन सुरू करा आणि वाऱ्याची दिशा समोरच्या काचेकडे, पंखा जोरात, तापमान गरमकडे, एसी चालू. थंडीत एसी कशाला, असं सगळेच म्हणतात, पण हवा कोरडी करण्याचं काम एसीचंच आहे. आतलीच हवा फिरवणारं बटण बंद हवं. नव्वद टक्के तक्रारी तिथेच मिटतात असं म्हटलं तर फार चूक नाही. डिझेल इंजिन तापायला पाच-दहा मिनिटं घेतं, तोवर दोन काचा बोटभर उघड्या ठेवा. काच साफ झाल्यावर मध्येच एसी बंद करू नका: एसीच्या थंड कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा हवेत येतं आणि मिनिटभरात काच परत पांढरी होते. मागच्या काचेचं डीफॉगर (त्या आडव्या तारा तापवणारं बटण) बॅटरी खातं, पंधरा मिनिटांत बंद करा.

सारंगखेड्याच्या यात्रेला किंवा तोरणमाळला जाणाऱ्यांना तापीकाठी आणि घाटात बाहेरचंही धुकं लागतं. आत सगळं नीट असूनही समोर पांढरं दिसलं तर एकदा वायपर मारा. साफ झालं नाही आणि आतल्या काचेला बोट लावून कोरडंच लागलं, तर ते धुकं रस्त्यावरचं. तिथे लो बीम आणि कमी वेग. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला वळण कळत नाही. कोंडाईबारी किंवा कन्नड घाटात कापसाने फुगलेल्या ट्रॉल्यांना मागे दिवे असतीलच असं नाही.