मापाच्या वहीत प्लेटलेटचे आकडे

मी परळच्या चाळीत ब्लाउज शिवते. तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये पोटऱ्यांवर बारीक लाल ठिपके उठले. ढेकूण म्हणून गादी उन्हात टाकावी, तर ऊन कुठलं! ठिपके बोटाने दाबले तरी फिके होईनात. मग दात घासताना रक्त, आणि मांडीवर कुठे आपटल्याचं आठवत नसताना निळे डाग. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी केली. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, ९ हजार. असायला हव्यात दीड ते साडेचार लाख. पावसाळा, त्यात मुंबई, म्हणून सगळी चाळ ‘डेंग्यू’ म्हणून मोकळी झाली. पण ताप नव्हता आणि डेंग्यूची तपासणीही निगेटिव्ह आली. निघालं आयटीपी. म्हणजे शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच प्लेटलेटना परकं समजते आणि त्या मुख्यतः पोटातल्या प्लीहेत मारल्या जातात.

तेव्हापासून माझे आकडे मी गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीतच लिहिते. छाती, कंबर, बाही, आणि मागच्या पानांवर तारीख, प्लेटलेट, हिमोग्लोबिन, गोळीचा डोस, आणि शेवटी एक रकाना: ‘अंगावर काय दिसलं’. तुम्हीही वही ठेवा, आणि हा शेवटचा रकाना चुकवू नका. मोबाइलमधला एकेक रिपोर्ट उघडून मागचं काही कळत नाही. एका पानावर सहा महिने समोर असले की डॉक्टरही दोन मिनिटं जास्त बोलतात.

शक्यतो एकाच लॅबमध्ये रक्त द्या. एकदा मी घाईत दुसरीकडे दिलं आणि रात्री नऊला रिपोर्ट आला, ११ हजार. अंगावर एक ठिपका नाही, हिरड्या ठीक, तरी टॅक्सी करून हॉस्पिटल गाठलं. तिथे पुन्हा रक्त घेतलं, स्लाइड करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर ६२ हजार! पहिल्या नमुन्यात प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि मशीनला त्या नीट मोजता आल्या नव्हत्या. रक्त घेताना नळी नीट हलवली नाही तर असं होतं. काहींच्या रक्तात जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रसायनामुळेही होतं, मग निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा तपासतात. आकडा आणि अंग यांचा मेळ बसत नसेल तर ‘स्लाइड बघितली का?’ एवढं विचारा. मात्र रिपोर्ट चुकीचाच असणार असं ठरवून घरी बसू नका. डॉक्टरांना फोन आधी, तर्क नंतर.

सुरुवातीला मला लाखाच्या वरच हव्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, तुमच्या बाबतीत ३० हजारांच्या वर आणि कुठून रक्त नाही, म्हणजे भागलं. ब्लाउज अंगाला बसला पाहिजे, टेपवरच्या आकड्याला नाही, हे मी गिऱ्हाइकांना वीस वर्षं सांगते आहे. स्वतःच्या रक्ताबाबत समजायला वर्ष गेलं. दात काढायचा असेल किंवा ऑपरेशन असेल तर जास्त लागतात, मोठ्या ऑपरेशनला निदान ५० हजार, कधी त्याहूनही जास्त. म्हणून दाताच्या डॉक्टरांना खुर्चीत बसण्याआधीच सांगा.

पहिलं औषध बहुतेकांना स्टेरॉइड. माझ्या प्लेटलेट दहा दिवसांत वर आल्या, आणि चेहराही वर आला. स्वतःच्याच ब्लाउजांचे दाब उसवून सैल करावे लागले. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्या. मी ती पहिले काही दिवस संध्याकाळी घेतली आणि रात्री दोन-दोनपर्यंत टक्क जागी. (गणपतीच्या ऑर्डरी मात्र वेळेत गेल्या.) साखर आणि बीपी तपासत राहा. चेहरा सुजतो म्हणून ती मनाने बंद करू नका, डोस पायरीपायरीनेच उतरवायचा असतो.

आता मी इल्ट्रोम्बोपॅगवर आहे. ही गोळी अस्थिमज्जेला, म्हणजे हाडांमधल्या मगजाला, जास्त प्लेटलेट बनवायला लावते, पण दुधाशी तिचं वैर आहे. कॅल्शियम, लोह, झिंक, ॲसिडिटीची अँटासिड औषधं यांनी ती बांधली जाते आणि अंगी लागत नाही. दूध, दही, ताक, पनीर, आणि आपल्याला सुचत नाही ती नाचणीची भाकरी, हे घेण्याआधी दोन तास किंवा घेतल्यानंतर चार तासांनी गोळी. चाळीत पहाटे पाचला पाणी येतं तेव्हा मी उठतेच, तेव्हा नुसत्या पाण्याबरोबर घेते. सातपर्यंत चहा नाही. ते दोन तास मी कोणाशी बोलत नाही, घरच्यांनी समजून घेतलंय. कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणाबरोबर.

या गोळीवर एकदा ३ लाख २० हजार आले आणि मी पेढे घेऊनच ओपीडीत गेले. डॉक्टरांनी पेढा घेतला आणि डोस कमी केला! फार वर गेल्या तर रक्तात गुठळी होण्याचा धोका, म्हणून दोन लाखांच्या पुढे डोस उतरवतात. मध्येच बंद केली तर प्लेटलेट एकदम खाली येऊ शकतात, त्यामुळे गावी जाताना पंधरा दिवसांची जास्तीची पट्टी बरोबर. यकृताची तपासणीही सीबीसीबरोबर नियमित करावी लागते.

मशीनवर वाकून मान धरते. तेव्हा आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यातलं काही नाही. ती प्लेटलेटचं कामच बिघडवतात. माझ्यासाठी पॅरासिटामॉल, तेही विचारून. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र स्वतः थांबवू नका, दोन्ही डॉक्टरांची गाठ घालून द्या. कमरेत किंवा दंडात इंजेक्शन देण्याआधी ‘प्लेटलेट कमी आहेत’ असं सांगा. पाळी जास्त जात असेल तर लाजू नका, त्यावर औषध आहे. माझं हिमोग्लोबिन त्यातच उतरलं होतं.

पपईच्या पानांचा रस तुम्हालाही कोणीतरी आणून देईलच. मी तीन आठवडे प्यायले. वहीत आकडा हलला नाही, तोंड मात्र कडू झालं. किवीचंही तेच, वर खिशाला चाट.

भाचा प्लेटलेट द्यायला तयार होता. पण आयटीपीत बाहेरून दिलेल्याही मारल्या जातात, म्हणून त्या जीवावरच्या रक्तस्रावासाठी राखून ठेवतात. केमो चालू असलेल्यांचं वेगळं. आमच्याच मजल्यावरच्या मावशींचा मुलगा टाटा हॉस्पिटलला होता, त्याला वारंवार एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनने काढलेल्या प्लेटलेट, लागायच्या. प्लेटलेट फ्रीजमध्ये नाही, २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवतात, आणि पाचच दिवस. त्यामुळे साठा करून चालत नाही, माणसांची यादी करावी लागते. एसडीपी देणारा ४८ तासांनंतर पुन्हा देऊ शकतो. चाळीच्या मंडळातली वीस नावं रक्तगटासकट भिंतीवर लावली होती.

घरातलं थोडक्यात: मऊ ब्रश, बद्धकोष्ठता होऊ न देणं, रक्त तपासल्यावर कापूस पाच मिनिटं घट्ट. टाचण्या ओठांत धरायची सवय मी सोडली, आणि आजीचं अंगुस्तान पेटीतून बाहेर काढलं. अस्तर आणायला दादरच्या हिंदमाता कापडबाजारात दुपारी जाते. पाणी तुंबलेलं असेल तर जातच नाही, तुंबलेल्या पाण्यात खड्डा दिसत नाही.

नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकू नका. पुढे वाकून बसा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग दाबून धरा. तरी थांबलं नाही, किंवा तोंडात रक्ताचे फोड आले, शौचाला काळं झालं, डोकं अचानक फुटायला लागलं, उलट्या होऊ लागल्या, डोक्याला मार बसला, तर आदल्या दिवशीचा आकडा कितीही चांगला असो, तडक कॅज्युअल्टी. माझ्या मोबाइलच्या कव्हरात एक चिठ्ठी असते: आजाराचं नाव, गोळ्या, रक्तगट, मुलीचा नंबर. तिला सांगून ठेवलंय, निघताना चप्पल सापडली नाही तरी चालेल, मापाची वही घे.