जुन्या बुलेटसाठी चाके आणि टायर: मोजक्या खर्चात निवड कशी करावी

जुनी मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आणताना बहुतेकांचे पैसे इंजिन, टाकी आणि रंग यांतच संपतात, आणि चाकांची पाळी येईपर्यंत 'सध्या हेच चालवू' असे म्हणण्याची वेळ येते. हा क्रम उलटा असावा असे माझे स्पष्ट मत आहे. रंग दोन वर्षांनी दिला तरी काही बिघडत नाही. कडक झालेला टायर आणि आतून गंजलेली रिम मात्र पहिल्याच पावसात घाटाच्या वळणावर आपला हिशेब मागते. पुढील विवेचनासाठी लोखंडी इंजिनाची, उजव्या पायात गिअर असलेली बुलेट ३५० हे उदाहरण घेतले आहे, कारण तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात आणि नेमके त्यामुळेच तिच्या चाकांत नको ते प्रयोगही सर्वाधिक होतात. जावा, येझदी किंवा आरएक्स १०० असणाऱ्यांनी मापे आपापल्या गाडीची घ्यावीत. तपासण्याची रीत तीच राहते.

माप आधी, दुकान नंतर

या बुलेटला मुळात पुढे आणि मागे एकाच मापाचा, म्हणजे ३.२५-१९ हा टायर असतो. पहिला आकडा टायरची इंचांतील रुंदी आणि दुसरा रिमचा इंचांतील व्यास सांगतो. या जुन्या पद्धतीच्या टायरची उंची साधारण रुंदीइतकीच असल्यामुळे ती वेगळी लिहिलेली नसते. नव्या पद्धतीत ९०/९०-१९ असे लिहिलेले आढळते. तेथे ९० मिलिमीटर रुंदी आणि तिच्या ९० टक्के उंची असा अर्थ होतो. ३.२५-१९ ला सर्वांत जवळचे नवे माप हेच आहे आणि दोन्हींच्या बाहेरच्या व्यासात नगण्य फरक पडतो, त्यामुळे जुन्या मापाचा टायर न मिळाल्यास हा पर्याय निःशंक घेता येतो. जुन्या जावा २५० ची चाके १६ इंची आहेत, तर आरएक्स १०० ला १८ इंची चाकांवर पुढे २.५० आणि मागे २.७५ रुंदीचा टायर बसतो. म्हणूनच 'बाइकचा टायर द्या' एवढेच सांगून दुकानात उभे राहू नये.

टायरइतकेच रिमच्या रुंदीचे माप महत्त्वाचे असते. बुलेटच्या मूळ रिमवर डब्ल्यूएम २ असा ठसा असतो आणि त्याचा अर्थ टायरच्या दोन कडा जेथे बसतात तेथील आतली रुंदी १.८५ इंच आहे असा होतो. डब्ल्यूएम १ ही १.६० इंचाची आणि डब्ल्यूएम ३ ही २.१५ इंचाची असते. मागे रुंद टायर लावून गाडी भारदस्त दिसावी या हौसेने अनेक जण १.८५ इंची रिमवर चार-साडेचार इंची टायर चढवतात. अरुंद रिमवर त्या टायरच्या बाजू आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो आणि रुंद टायर घेऊनही रस्त्याला टेकणारा भाग अपेक्षेइतका वाढत नाही. शिवाय साखळी आणि मडगार्ड घासण्याची शक्यता निर्माण होते आणि वळणात गाडी जड वाटू लागते. मागे ३.५०-१९ पर्यंत जाणे समजण्यासारखे आहे. त्यापुढचा खर्च केवळ दिखाऊ ठरतो. पुढच्या चाकाचे माप बदलले तर स्पीडोमीटरही चुकीचा वेग दाखवू लागतो, कारण त्याची केबल पुढच्याच चाकावरून चालते.

जुने चाक ठेवावे की बदलावे

मोजक्या खर्चाचे गणित येथेच सुटते किंवा बिघडते. चाक म्हणजे हब (मधला तुंबा), स्पोक (तारा) आणि रिम (बाहेरचे कडे) असे तीन वेगळे भाग असून तिन्ही एकदम टाकून देण्याची गरज क्वचितच पडते. मूळ हब शक्यतो कधीही सोडू नये. त्याला तडा गेलेला नसेल आणि बेअरिंगची बैठक सैल झालेली नसेल, तर तो पुढची कित्येक वर्षे काम देतो. बेअरिंग मात्र आवाज येत नसला तरी बदलून घ्यावीत. जुन्या बेअरिंगवर कोरलेला क्रमांक पाहून नामांकित कंपनीचे बेअरिंग घ्यावे. या वस्तूत नकली माल पुष्कळ असल्याने ओळखीच्या दुकानदाराला दोन पैसे जास्त देणे परवडते.

मागच्या चाकाच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून पाहावी. या बुलेटमध्ये मागचा ब्रेक ड्रम आणि साखळीचे दातेरी चक्र हा एकच सलग भाग असतो. दाते झिजून एका बाजूला कलले असतील तर ड्रमसकट तो भाग बदलावा लागतो, आणि ड्रम आतून चरे पडून झिजला असेल तर दाते चांगले असूनही तेच करावे लागते. तो हबवर रबरांच्या आधाराने बसत असल्यामुळे त्यासाठी स्पोक उसवावे लागत नाहीत, तरीही हा खर्च आधीच मोजलेला बरा. हीच रबरे चुरलेली असतील तर गिअर टाकताना हिसका बसतो; ती अत्यंत स्वस्त असतात आणि तरीही बदलायची राहून जातात.

रिम तपासताना बाहेरच्या चकाकीकडे पाहू नये. टायर आणि ट्यूब काढून, आतली रबरी पट्टी दूर करून स्पोकच्या भोकांभोवती आणि रिमच्या सांध्यावर किती गंज आहे ते पाहावे. वरवरचा तांबूस गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने निघतो. तो घालवून गंजरोधक प्राइमर आणि रंग दिला की काम भागते. परंतु टोकदार पेचकस रेटला असता पापुद्रे निघत असतील, भोके लांबट झाली असतील किंवा टायरची कड बसते ती जागा खड्डे पडून खरबरीत झाली असेल, तर ती रिम भंगारात द्यावी. त्यानंतर चाक एक्सलवर फिरवून आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, पाहावा. काटा किंवा पेन्सिल स्थिर धरून रिमची कड तिच्यापासून किती दूर जाते ते मोजले असता दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालण्यासारखा असतो. त्याहून अधिक असेल तर तो स्पोक कमी-जास्त ताणून निघतो का, हे कारागिराने ठरवावे. खड्ड्यात आपटून एका जागी चेपलेली रिम ठोकून सरळ केल्यासारखी दिसते खरी, पण पुन्हा त्याच जागी बसते.

जुन्या रिमला पुन्हा क्रोम करून घेण्याचा मोह बहुतेकांना होतो. त्यासाठी आधी जुना थर आणि गंज घासून काढावा लागतो, त्यात पत्रा पातळ होतो, आणि खड्डे बुजवत बसल्यास मजुरीच नव्या रिमच्या किमतीच्या जवळ जाते. गाडी प्रदर्शनासाठी नसेल तर चंदेरी रंग किंवा पावडर कोटिंग पुरेसे आहे. स्पोकला मात्र जुने ते पुन्हा मुलामा देऊन वापरणे हा खोटा काटकसरीपणा ठरतो. मुलाम्याच्या प्रक्रियेत ताणाखाली काम करणारे पोलाद ठिसूळ होण्याचा धोका असतो, आणि नव्या स्पोकचा पूर्ण संच निपलसह (स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटांसह) काही फार महाग नसतो.

नवी रिम घेताना भोकांची संख्या मोजून घ्यावी. लोखंडी इंजिनाच्या बुलेटच्या चाकात ४० स्पोक असतात, पण संख्या जुळली म्हणजे रिम जुळली असे होत नाही. प्रत्येक भोक हबच्या आकारानुसार ठरावीक कोनात दाबून पाडलेले असते. दुसऱ्या गाडीच्या हबसाठी पाडलेल्या रिममध्ये स्पोक निपलपाशी वाकतात आणि काही महिन्यांत तुटू लागतात. पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांत, दिल्लीत करोल बागेत, किंवा आपल्या गावच्या जुन्या स्पेअर पार्ट्सवाल्याकडे जाताना जुनी रिम सोबत न्यावी, हे अवजड असले तरी सर्वांत खात्रीचे आहे. जुन्या बाजारातून रिम घ्यायची असल्यास ती सपाट फरशीवर ठेवून डुलते का ते पाहावे आणि सांध्यावर नव्याने वेल्डिंग केल्याची खूण दिसल्यास तेथून निघावे.

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त ॲलॉय चाकांबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. त्यांत ट्यूबलेस टायर बसतो आणि पंक्चरची कटकट कमी होते हे खरे, परंतु ओतीव चाक खड्ड्यात तडकले तर दुरुस्त होत नाही, आणि निर्मात्याचे नावही नसलेल्या चाकावर भरवसा ठेवावा असे काही त्यात दिसत नाही. स्पोकच्या मूळ रिमवर ट्यूबलेस टायर ट्यूबशिवाय वापरता येत नाही, कारण स्पोकच्या भोकांतून हवा जाते आणि टायरची कड जागेवर अडवणारा उंचवटाही जुन्या रिमला नसतो.

कागदोपत्री बाजूही लक्षात घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई आहे. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार विंटेज नोंदणी हवी असेल, तर गाडी मूळ स्वरूपात असणे अपेक्षित असते. तेव्हा मूळ मापाची स्पोकची चाके हा केवळ जुन्या वळणाच्या लोकांचा हट्ट नव्हे.

टायर वाचायला शिकावे

टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. '३१२४' असे लिहिले असेल तर तो टायर २०२४ च्या एकतिसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. १९ इंची टायरचा खप कमी असल्याने दुकानात तो वर्षानुवर्षे पडून राहू शकतो, आणि 'नवा कोरा' म्हणून घेतलेला टायर पाच वर्षांचा निघू शकतो. रबर न वापरताही कडक होते. दोन वर्षांच्या आतला टायर मागावा. जुना असल्यास भाव कितीही उतरवला तरी घेऊ नये. वापरलेला टायर विकत घेणे तर मला कोणत्याही बजेटमध्ये मान्य नाही. नियमानुसार दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल असावी लागते, परंतु पावसाळ्यात तेवढ्यावर विसंबू नये.

मापानंतर लिहिलेले '५४पी' यासारखे चिन्ह दुर्लक्षित राहते. त्यातील ५४ हा आकडा २१२ किलो भार आणि 'पी' हे अक्षर ताशी १५० किलोमीटर वेग दर्शवते. गाडीचे वजन १७० किलो आणि दोन माणसांचे १४० किलो धरले तर एकूण ३१० किलो होतात, आणि त्यातील साठ टक्के भार मागे आला तर तो १८६ किलो होतो. वर सामानाची पिशवी बांधली की मर्यादा जवळ येते. यावरून मागे कमी भाराचा टायर का चालत नाही ते कळते. वेगाच्या अक्षराची मात्र या गाडीत फारशी काळजी नको. बुलेट १५० ला जाणार नाही.

नक्षीबाबत परंपरेने पुढे लांबट रेघांचा आणि मागे ठोकळ्यांचा टायर लावतात. रेघांच्या नक्षीमुळे पुढचे चाक दिशा धरून राहते; ठोकळ्यांमुळे मागे पकड मिळते. हा फरक तर्कशुद्ध आहे, म्हणून रेघांचा टायर मागे लावू नये. एमआरएफचा नायलोग्रिप हा पुढे सहज मिळणारा आणि परवडणारा टायर आहे. डनलॉपचा के ७० किंवा एव्हनचा स्पीडमास्टर यांची जुनी नक्षी देखणी दिसते, परंतु परदेशातून मागवल्यास खर्च कित्येक पटींनी वाढतो. माझ्या मते तेच पैसे ब्रेक शू, बेअरिंग आणि दोन चांगल्या ट्यूब यांवर अधिक सार्थकी लागतात.

बांधणी आणि बसवणी

चाक उसवण्यापूर्वी हबच्या कडेपासून रिमच्या कडेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवावे. ड्रम एकाच बाजूला असल्याने रिम हबच्या बरोबर मध्यावर असेलच असे नाही, आणि हे माप हरवले तर पुढचे आणि मागचे चाक एका रेषेत आणताना कारागिराचा घाम निघतो. चाक बांधण्याचे काम स्वतः करण्यापेक्षा जुन्या, हात बसलेल्या कारागिराकडून करून घ्यावे. बांधून झाल्यावर निपलच्या वर आलेली स्पोकची टोके कानशीने घासून घ्यावीत आणि त्यांवर नवी रबरी पट्टी बसवावी. या पट्टीची किंमत चहा-नाश्त्याएवढी असते आणि ती नसल्यास ट्यूब आतून टोचून पंक्चर होत राहते.

नव्या टायरमध्ये जुनी, ताणलेली ट्यूब घालू नये. ती आत घडी पडून फाटते. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावावी, टायरच्या कडांना साबणाचे पाणी लावावे, आणि ग्रीस किंवा ऑइल अजिबात लावू नये. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असल्यास तो पाहावा. हवा एकदा पूर्ण भरून सोडून द्यावी आणि पुन्हा भरावी, म्हणजे ट्यूबच्या सुरकुत्या निघतात. त्यानंतर टायरच्या बाजूवरील बारीक रेघ रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते पाहावे. नसल्यास हवा सोडून पुन्हा बसवावा.

हवेचा दाब जुन्या बुलेटमध्ये पुढे १८ ते २० आणि मागे एकट्यासाठी २८ पौंडांच्या आसपास असतो, मागे माणूस बसणार असल्यास आणखी दोन ते चार पौंड वाढवावेत. पेट्रोल पंपावरचा मुलगा न विचारता दोन्हीकडे ३५ भरतो, म्हणून स्वतःचा दाबमापक जवळ असावा. नव्या टायरवर निर्मितीच्या वेळचा गुळगुळीतपणा असल्यामुळे पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी जोरात वळवू नये. दोन-तीनशे किलोमीटरनंतर चाके पुन्हा त्याच कारागिराकडे न्यावीत. तो प्रत्येक स्पोकवर पान्हा हलका वाजवून पाहील. ताठ स्पोक खणखणीत वाजतो, सैल स्पोक बद्द आवाज करतो. सैल स्पोक ताणून आऊट पुन्हा एकदा पाहिला आणि एक्सलचे नट तपासले की चाकांचे काम पूर्ण होते.