शर्यतीची चेन घडवताय? आधी या चुका टाळा

चेनसॉच्या शर्यतीत, म्हणजे ओंडका कोण आधी कापतो त्यात, नव्याने उतरलेली मंडळी माझ्याकडे चेन घेऊन येतात तेव्हा तक्रार ठरलेली असते. "सगळं केलंय, तरी चेन पळत नाही." हे 'सगळं' म्हणजे काय, ते भिंगाखाली एक दात धरला की कळतं. टाय स्ट्रॅप (सांधे जोडणाऱ्या पट्ट्या) घासून पातळ केलेले, कटरची (कापणाऱ्या दाताची) पाठ कापून आखूड केलेली, ड्राइव्ह लिंकला (बारच्या, म्हणजे चेन ज्या पट्टीवर फिरते तिच्या, खाचेत धावणाऱ्या कडीला) भोकं पाडलेली. लाकूड ज्या कोपऱ्याने कापायचं तो कोपरा मात्र बोथट. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

रेकर उतरवले म्हणजे वेग आला, हा भ्रम

कटरच्या पुढे जो बुटका खुंट असतो तो रेकर. दात लाकडात किती खोल घुसायचा ते तो ठरवतो. ⅜ इंच पिचच्या (सांध्यांमधल्या अंतराच्या मापाच्या) साध्या चेनला दाताचं टोक आणि रेकर यांत साधारण ०.६५ मिलिमीटर फरक ठेवतात. शर्यतीच्या चेनला तो वाढवतात, हे खरं. पण किती वाढवायचा ते इंजिनाचा दम, बारची लांबी आणि समोरचं लाकूड ठरवतं. कुणाच्या तरी व्हिडिओतला आकडा ते ठरवत नाही.

एक तरुण असाच सॉ घेऊन आला होता. तक्रार इंजिनाची. ओंडक्यात पहिली दोन बोटं सॉ सुसाट जायचा, मग हँडलला झटके, घरघर आणि चेन जागीच ठप्प. पठ्ठ्याने कार्ब्युरेटर बदलला होता, एक्झॉस्ट मोकळा केला होता, चेन फिरवणारा दातेरी स्प्रॉकेटही नवा टाकला होता. मी त्या सॉवर कारखान्यातून आलेली साधी चेन चढवली. एका दमात कापला ओंडका. मग त्याच्या चेनचे रेकर एकेक करून मोजले. कुठे पाऊण मिलिमीटर, कुठे सव्वा. खोल रेकरवाले दात लाकडात रुतून इंजिनाचा गळा आवळत होते आणि बाकीचे नुसते मागून फिरत होते. रेकर तर काही परत उगवत नाही. उपाय एकच: दाताचा माथा मागे उतरता असतो, म्हणून दातच कानशीने मागे न्यायचा. तेवढंच टोक खाली येतं आणि फरक कमी होतो. त्यात चेनचं बरंच आयुष्य गेलं. तो हिरमुसला, पण मला कार्ब्युरेटरचं जास्त वाईट वाटलं. जुना अगदी ठणठणीत होता.

माझी सवय अशी. चार-पाच दातांवर आडवी बसणारी सरसकट पट्टी मी वापरत नाही, कारण ती शेजारच्या दातांच्या उंचीवर टेकते आणि एका दाताची चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालते. प्रत्येक दाताचा रेकर त्याच दातापासून मोजतो. दात जसजसा मागे जातो तसं त्याचं रेकरपासूनचं अंतर वाढतं आणि तेवढ्याच फरकाला घुसण्याचा कोन कमी पडतो. म्हणून जुन्या चेनला रेकर थोडा जास्त उतरवावा लागतो. उतरवताना प्रत्येकी कानशीचे एक-दोन हात, मग काप, मग स्टॉपवॉच. कापात इंजिनाचा आवाज बसायला लागला की थांबायचं. रेकरचं पुढचं नाक गोल करायला विसरू नका. चौकोनी राहिलं तर ते लाकडात खड्डे पाडत जातं.

कोपरा चुकला तर बाकी सगळं वाया

गोल कानशीची धार माफ करणारी असते. कोपरा थोडा चुकला तरी चेन कापते. चौकोनी धारेत मात्र दोन सपाट बाजू येऊन एका कोपऱ्यात मिळतात. ती स्वच्छ लाकडात जास्त वेगाने कापते आणि मातीच्या दोन कणांत मरते. कानशीची कड आतून जिथे बसते, तिथून निघालेली रेघ दाताच्या बाहेरच्या कोपऱ्यावर बरोबर भिडली पाहिजे. कड खाली गेली की कोपऱ्याला पातळ चोच फुटते आणि पहिल्याच कापात ती मोडते. वर गेली की वरच्या धारेत खाच पडते आणि कोपरा बोथटच राहतो.

नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही, आणि "अंगठ्याला लागतंय की" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. दात काळ्या मार्करने रंगवा, एकच हलका हात मारा, भिंगाखाली धरा. शाई कुठून गेली ते पाहा. कोपऱ्यापाशी काळा ठिपका उरला असेल तर हाताचा कोन बदला, जोर वाढवू नका. मी बाहेरून आत घासतो, परतीला कानस उचलतो. मागेपुढे खसाखसा घासणाऱ्याची कानस आधी मरते. कानशीची कडच सर्वात आधी गोल होते आणि गोल कडेने टोकदार कोपरा निघत नाही, कितीही घासा. नवी कानस जिवावर येत असेल तर गोल धारच लावा. नीट लावलेली गोल धार अर्धवट चौकोनीला सहज मागे टाकते.

डावे-उजवे दात असमान

१९४० च्या दशकात जो कॉक्सने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून आजच्या चेनची कल्पना काढली. ती अळी डावीउजवीकडे सारखीच चावत होती. आपण उजव्या हाताचे, म्हणून एका बाजूचे दात हमखास लांब ठेवतो आणि काप वाकडा जातो. टिंबरस्पोर्ट्स या लाकूडतोडीच्या स्पर्धांतल्या हॉट सॉ (खास बनवलेल्या ताकदवान सॉच्या) प्रकारात तीन पूर्ण चकत्या १५ सेंटिमीटरच्या आत काढायच्या असतात: खाली, वर, पुन्हा खाली. वाकड्या चेनने चकती अर्धवट सुटली की बाद. व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) सर्वात आखूड दात शोधा आणि बाकीचे त्याच्या मापावर आणा. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

ग्राइंडरची घाई

दातावर निळा डाग दिसला की पोलादाचं पाणी उतरलं. तेवढा भाग कानशीने मागे न्या. हलका स्पर्श करा, दाताला थंड होऊ द्या, मग पुन्हा.

लिंक पातळ करणं

पहिल्या हंगामात अजिबात करू नका. पातळ लिंकवर चेन तुटली की तिचं टोक चाबकासारखं फिरतं आणि त्यातून सुटलेला तुकडा गोळीसारखा जातो. चाचणीच्या वेळी बारच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कुणी उभं दिसलं तर मी सॉ चालूच करत नाही. रिव्हेट ठोकल्यावर प्रत्येक सांधा बोटाने हलवून बघा. अडखळला तर सोडवा, लडबडला तर ती चेन बाजूला ठेवा.

बारीकसारीक

सरावाचं लाकूड एक आणि शर्यतीचं दुसरं असेल तर घड्याळाचे आकडे विसरा. मऊ पाइनला लावलेली धार कडक लाकडात दगा देते.

एका कापावरून चेन चांगली की वाईट ते ठरवू नका. ओंडक्यात गाठ आली तरी वेळ बदलतो.

तेल कमी केल्याने वेग येत नाही, बार निळा पडतो.

शर्यतीची चेन जळाऊ लाकडाला लावू नका. इतके खाली आणलेले रेकर उसळी मारतात आणि सालीतली माती कोपरे खाते.

चेन ठेवताना प्रत्येकीला वेगळी तेलकट पिशवी द्या आणि चिठ्ठी लावा: कोणतं लाकूड, कोणता कोन, रेकर किती. एकाच डब्यात कोंबल्या तर एकमेकींवर घासून कोपरे जातात आणि पुन्हा मार्कर-भिंग घेऊन बसावं लागतं.