किराण्याची यादी करताना एवढं पाहा ना

भाव आपण सगळेच पाहतो पण तो पैसा पुढं कोणाच्या हातात जातो हे पाहायचं राहूनच जातं. म्हणून पहिले एक महिना वहीत लिहा, काय घेतलं, कितीचं, कोणाकडून, आणि किती फेकलं. फेकलेलं लिहायला कंटाळा येतो पण खरी गोष्ट तिथंच कळते.

आता भाजी. रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या एका अभ्यासात होतं की टमाटर, कांदा, आलू याच्यावर आपण जो रुपया देतो त्यातले साधारण 33 ते 37 पैसेच शेतकऱ्याला मिळतात, बाकी मधल्या हातांत, गाडीभाड्यात अन् नासाडीत जातात. मंग जमेल तेव्हा आठवडी बाजारात जा आणि ज्या बाईजवळ दोन-तीनच भाज्या आहेत, मेथी, पालक, थोडा सांबार म्हणजे कोथिंबीर, तिच्याकडून घ्या, कारण बहुतेक वेळा ते तिच्या वाडीतलं असतं, सतरा प्रकारच्या भाज्या मांडलेल्यानं मात्र पहाटे नागपूरच्या ठोक बाजारातून, कॉटन मार्केट नाही तर कळमन्यातून उचललेल्या असतात. त्याचंही पोट आहे, त्याच्याकडून घेऊच नका असं म्हणत नाही. पण दहा रुपयांच्या सांबारासाठी त्या बाईशी घासाघीस नका करू प्लीज, मॉलमध्ये करतो का आपण?

संत्री हंगामातच घ्या. आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या आसपास येतो, मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. बारकी, डाग पडलेली पण घ्या, डाग सालीवर असतो, आत फोडी चांगल्याच असतात, आणि आपण फक्त चकचकीत मागतो म्हणून बाकीचा माल मातीमोल जातो.

तेलाचं पॅकेट, फरसाण, बिस्किट, मागची बारीक अक्षरं वाचा. पामोलिन दिसलं म्हणजे बहुतेक इंडोनेशिया-मलेशियाचं, तिथं पाम लावायला जंगलं तोडली गेली आहेत. एकदम बंद होत नाही, मान्य, पण घरच्या फोडणीपुरतं घाण्यावरचं करडई किंवा शेंगदाणा तेल आणून पाहा, थोडं महाग पडतं म्हणून तळण कमी करा, हिशेब जुळतो.

आठवड्यातून तीनदा ज्वारीची भाकर करा. कमी पाण्यात येते, कडबा जनावराला होतो. विदर्भात सोयाबीन-कपाशीनं तिची जागा खाल्ली, आपण मागितली नाही तर कोण कशाला पेरेल?

उरलेलं अन्न सगळ्यात महत्त्वाचं. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालात भारतात घरातून माणशी वर्षाला साधारण 55 किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे. ते भांडेवाडीच्या, म्हणजे नागपूरच्या कचरा डेपोच्या ढिगात हवेविना सडलं की मिथेन होतो. म्हणून भात मोजून लावा, शिळ्या पोळीचा कुस्करा करा, आणि सालं-देठं बुडाला भोकं पाडलेल्या जुन्या माठात टाका, प्रत्येक थरावर सुकी पानं, वास येत असला तर पानं वाढवा, दोन-तीन महिन्यांत कुंड्यांना खत तयार.