‘द वायर’ अर्धवट न सोडता कशी बघायची

फोन टॅप करून ड्रग्जचा धंदा पकडू पाहणाऱ्या पोलिसांची ‘द वायर’ ही मालिका सुटते ती बहुधा पहिल्या तीन-चार भागांतच. खुनी कोण हे शोधायच्या तयारीने माणूस बसतो, आणि पडद्यावर अधिकारी टाइपरायटर बडवत, एकमेकांवर केस ढकलत बसलेले. मालिका संथ वाटते ती इथे. ‘खुनी कोण?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याऐवजी प्रत्येक प्रसंगात विचारा: या माणसाला उद्या वरचा कोण झापणार, आणि कुठल्या आकड्यावरून? साठही भाग हाच प्रश्न धरून बघता येतात.

एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर ही मालिका जून 2002 ते मार्च 2008 या काळात दाखवली गेली. पाच सीझन, भाग अनुक्रमे 13, 12, 12, 13 आणि 10. शहर अमेरिकेतलं बॉल्टिमोर. निर्माता डेव्हिड सायमन तिथल्या ‘बॉल्टिमोर सन’चा गुन्हेवार्ताहर होता. त्याचा सहलेखक एड बर्न्स आधी त्याच शहराच्या पोलिसांत खुनांचा तपास करायचा, मग सरकारी शाळेत शिकवू लागला. त्यामुळे फायलींपासून फळ्यापर्यंतचे तपशील ऐकीव नाहीत.

इंग्रजी सबटायटल लावाच. नाक्यावर ड्रग्ज विकणाऱ्या पोरांची बोली चांगलं इंग्रजी येणाऱ्यालाही पहिल्यांदा निसटते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण इथे पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. गाडीतला रेडिओ वाजेल तेवढाच. काहीतरी महत्त्वाचं घडतंय हे सांगायला व्हायोलिन येत नाही, मान खाली असेल तर प्रसंग गेला. पहिले चार भाग एकाच आठवड्यात उरका, महिनाभर ताणलेत तर नावं विसराल. चित्राबद्दल एक: मूळ मालिका 4:3 चौकटीची आहे, 16:9 ची रुंद आवृत्ती 2014 मध्ये आली. मिळाली तर जुनीच घ्या, गर्दीचे प्रसंग तीत जास्त घट्ट बसतात.

एका कागदावर तीन रकाने आखा. पोलिसांच्या रकान्यात हुद्द्यांप्रमाणे वरून खाली: डेप्युटी कमिशनर बरेल, मेजर रॉल्स, लेफ्टनंट डॅनियल्स, मग डिटेक्टिव्ह मॅकनल्टी, ग्रेग्ज, फ्रीमन. दुसऱ्यात ड्रग्जचे धंदेवाले: एव्हन बार्क्सडेल, स्ट्रिंगर बेल, खाली डी’अँजेलो, त्याच्याखाली बोडी, पूट, वॉलेस. तिसऱ्यात परवानगी देणारे, म्हणजे जज फेलन आणि सरकारी वकील पर्लमन. खून विभागातल्या फळ्यावर लाल शाईतलं नाव म्हणजे न सुटलेली केस, काळ्यातलं म्हणजे सुटलेली. फळ्यावर लाल वाढलं की साहेबांचा पारा का चढतो, हे त्यातून कळेल.

फोन टॅप करायला एवढा वेळ का लागतो? तिथल्या कायद्यानुसार साधे मार्ग करून पाहिले आणि थकलो, हे आधी कोर्टाला लेखी दाखवावं लागतं. परवानगी एका वेळी जास्तीत जास्त 30 दिवसांची. कामाचं नसलेलं बोलणं ऐकायचं नाही, यंत्र बंद करायचं. आणि सार्वजनिक फोनवर संशयितच आहे हे कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं हवं. म्हणून पोलीस गच्चीवर दुर्बीण घेऊन बसतात. हे माहीत नसलं तर अर्धा सीझन वेळकाढूपणा वाटतो.

धंदेवाले एकमेकांच्या पेजरवर (आकड्यांचा निरोप दाखवणारं खिशातलं यंत्र) फोन नंबर सांकेतिक करून पाठवतात; ते आकडे मात्र आधी स्वतः सोडवून बघा. पुढचं वाक्य मग वाचा. फोनच्या बटणांवर 5 ओलांडून समोरचा आकडा घ्यायचा (1 ला 9, 2 ला 8, 3 ला 7, 4 ला 6), आणि 5 व 0 ची अदलाबदल करायची. म्हणजे 410 चे झाले 695.

दुसऱ्या सीझनला ओळखीचे चेहरे मागे पडतात आणि बंदरावरचे गोदी कामगार येतात. गाळायचा मोह होतो; गाळू नका. ड्रग्जचा माल शहरात येतो कुठून, हे इथेच कळतं.

तिसऱ्यात राजकारण, आणि इथे आपला एक हमखास गोंधळ होतो. महापौर म्हटलं की मुंबईचा मानाचा महापौर डोळ्यांपुढे येतो; आपल्याकडे कारभार आयुक्तांच्या हाती आणि पोलीस राज्याच्या गृहखात्याकडे. बॉल्टिमोरचा महापौर थेट लोकांतून निवडून येतो, आणि मालिकेत पोलीस कमिशनरची खुर्चीही त्याच्याच मर्जीवर. म्हणून निवडणूक जवळ आली की गुन्ह्यांच्या आकड्यांवरून बैठकीत मेजर लोकांची सालं निघतात. पश्चिम विभागाच्या मेजर कोल्विनवर नजर ठेवा.

चौथा सीझन सगळ्यांत उत्तम, पण त्यापासून सुरुवात करू नका. गणित शिकवायला आलेला प्रेझ आधी कसला पोलीस होता, हे पहिल्या सीझनच्या दुसऱ्या भागात दिसतं. ते न बघता वर्गातला त्याचा चेहरा अर्धाच कळेल. मायकल, नेमंड, रँडी, ड्यूकी या चार पोरांपुढे कागदावर एकच गोष्ट लिहा: घरी मोठं माणूस कोण? बाकी सगळं त्यावरून ठरत जातं. पहिल्याच भागात शिक्षकांचं प्रशिक्षण आणि पोलिसांचं प्रशिक्षण आलटून पालटून दाखवलंय. दोन्हीकडे तोच कंटाळा, आणि ऐकणाऱ्यांच्या रोजच्या कामाशी संबंध दोन्हीकडे नाही. पुढे धडा बाजूला पडतो आणि राज्याच्या चाचणीचे सराव प्रश्न सुरू होतात. प्रेझला आकडे सजवायचा हा खेळ पोलिसातून ओळखीचा आहे. अनुदानासाठी सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये एकेक दिवस पोरं धरून वर्गात आणतात, ते प्रसंग सोडू नका. महाराष्ट्रात 2011 च्या पटपडताळणीत पटावरची खोटी नावं निघाली होती. इथे पोरं खरी आहेत, हजेरीच तेवढी नावापुरती.

पाचव्यात वर्तमानपत्र. मॅकनल्टीचं कथानक पटायला अवघड आहे, त्याच्याशी भांडत बसू नका. संपादकांच्या टेबलावर कुठली बातमी आत जाते आणि कुठली पडून राहते, तिकडे बघा. शेवटचा भाग तासाभराचा नाही, दीड तासाचा आहे. रात्री अकराला लावू नका.